जंतू मेले, विष राहिलं

नमस्कार श्रोतेहो.

एकाच दिवशी शेकडो घरांत उलट्या सुरू झाल्या, की तपास करणारे आधी माणसांना गाठतात. काय खाल्लं, काय प्यायलं, किती वाजता, त्रास किती तासांनी झाला? आणि हो, ठणठणीत असलेल्यांनाही हेच विचारतात. आजाऱ्यांच्या यादीत सारखा येतो, धडधाकटांच्या यादीत क्वचित, तो पदार्थ संशयित. मग त्याचे नमुने प्रयोगशाळेत.

आता जपानचा किस्सा ऐकाच. साल 2000, जूनअखेर. ओसाका भागात ‘स्नो ब्रँड’ कंपनीचं कमी स्निग्धांशाचं दूध प्यायलेली माणसं आजारी पडू लागली. बघता बघता आकडा 13,000च्या वर गेला! ओसाकाच्या कारखान्यात एक घाणेरडा व्हॉल्व्ह सापडला आणि सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. पण माग निघाला पार उत्तरेला, होक्काइदोमधल्या ताइकी कारखान्यात. या दुधात घातलेली भुकटी तिथली.

मार्चच्या शेवटी तिथे काय झालं होतं? बर्फाचा सुळका वीजघराच्या छपरावर कोसळला, तीनेक तास वीज गेली. कोमट दूध यंत्रातच पडून राहिलं. त्यात स्टॅफिलोकॉकस जंतू फोफावले, त्यांनी विष सोडलं. त्या दुधाची भुकटी झाली. तपासणीत जंतू मर्यादेबाहेर निघाले. आता ती भुकटी फेकायची की नाही? यांनी ती पाण्यात कालवली, तापवली आणि नव्या भुकटीत वापरून टाकली! तापवल्यावर जंतू मेले, विष राहिलं. पुन्हा सांगतो, जंतू मेले, विष राहिलं. हे विष उकळूनही जात नाही.

कहर म्हणजे 1955 मध्ये याच कंपनीच्या याकुमो कारखान्यातल्या भुकटीने टोकियोची 1,900वर शाळकरी मुलं आजारी पडली होती. तेव्हाही वीज गेली होती! जुना धडा विसरला की असं होतं. म्हणून मी म्हणतो, जुन्या नोंदवह्या रद्दीत घालणाऱ्यांना दंड करा. आमच्याकडेही कपाट आवरायचं म्हटलं की पहिली धाड वह्यांवरच पडते. असो.

दुधाने त्रास झाल्याची शंका आली, तर पिशवी फेकू नका. उरलेलं दूध झाकून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा, कुणाला पिऊ देऊ नका. पिशवीवरचा बॅच क्रमांक आणि तारीख आरोग्य विभागाला कळवा. माग त्या क्रमांकावरूनच काढता येतो. नमस्कार.