कोणाकडे आलात?

[दृश्य: रात्र. गावातला शेवटचा विजेचा खांब. लांबून येणारे एसटीचे दिवे.]

रात्रीचे साडेनऊ. गुहागर तालुक्यातलं एक खेडं. डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथली ऐसपैस सपाट जागा. नवीकोरी कॅम्परव्हॅन घेऊन आम्ही पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो आणि अशी जागा मिळाली म्हणून खूश होतो. गाडीचं कापडी छप्पर बाहेर ओढलं, खुर्च्या मांडल्या, भात टाकला. तेवढ्यात वळणावरून लाल एसटी आली आणि आमच्या पुढ्यात थांबली. ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. खाली उतरला, शेगडीवरच्या भाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "होऊ दे तुमचा भात. मग जरा गाडी बाजूला घ्या. मला वळवायचीय."

ती वस्तीची गाडी होती. रात्री गावात मुक्कामाला येणारी आणि सकाळी सहाला सुटणारी. त्याच गाडीनं कॉलेजची मुलं जातात, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं जातात. आम्ही जिला रिकामी जागा समजलो होतो, ती एसटीची वळायची जागा होती. सगळं आवरून गाडी हलवायला आम्हाला वीस मिनिटं लागली. उतारू पिशव्या सावरत अंधारातून घरी गेले. कोणी एका शब्दानंही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

[दृश्य: सकाळ. खाडी, पलीकडे नारळी-पोफळीची आगरं. कॅम्परव्हॅन आतून.]

कॅम्परव्हॅन म्हणा, कॅराव्हॅन म्हणा, मोटरहोम म्हणा. झोपायला बाक, लहानसा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, संडास. सगळं घर चार चाकांवर. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली. पण ७२० किलोमीटरच्या या किनाऱ्यावर संध्याकाळ झाली, की गाडीवाल्याला बहुतेक वेळा एखाद्या गावाचाच आधार असतो. आणि कोकणातल्या कुठल्याही वाडीत नवं माणूस दिसलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "कोणाकडे आलात?"

नुसती चौकशी म्हणून हा प्रश्न कोणी विचारत नाही. गावात येणारा प्रत्येक माणूस कोणाचा तरी पाहुणा असतो, असं इथे गृहीत धरलेलं असतं. त्याला काही लागलं तर कोणाला हाक मारायची आणि त्यानं काही बिघडवलं तर कोणाला सांगायचं, हे त्या एका उत्तरात कळतं. बरोबर घर घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे हेच उत्तर नसतं. नव्या गाडीमालकांना मी सगळ्यात आधी एवढंच सांगते: इंजिन बंद करण्याआधी खाली उतरा, पहिल्या घरापर्यंत चालत जा आणि हे उत्तर मिळवा.

[दृश्य: मंदिरासमोरचं पटांगण. रिकामं.]

कारण कोकणात मोकळी जागा दिसते, पण ती मोकळी नसते. उतारांच्या या प्रदेशात सपाट तुकडा मिळणं हीच चैन, आणि असा प्रत्येक तुकडा कोणीतरी, कधीतरी वापरतं. देवळाजवळची ही जागा पाहा. झाडाची सावली, सारवलेली जमीन, गाडी लावायचा मोह होईल अशी. ही सहाण. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी इथे येऊन बसते. वर्षाचे बाकीचे महिने इथे कोणी दिसत नाही, म्हणून ती बेवारस होत नाही.

खाडीकाठचं हे पटांगणासारखं खाजण दुपारी कोरडं ठणठणीत असतं. उधाणाच्या भरतीला इथे गुडघाभर पाणी येतं. त्याच्या कडेचा मातीचा बांध गाडी चढवण्यासाठी नाही, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आहे. तीन-चार टनांची गाडी त्यावर उभी केली आणि तो खचला, तर त्या वर्षीचं भात गेलं.

[दृश्य: सड्यावर कातळ. कॅमेरा हळूहळू वर जातो, खोदलेल्या रेषा दिसू लागतात.]

आणि हा सडा. जांभ्या दगडाचं उघडं पठार. गाडीला याहून छान जागा नाही असंच वाटतं. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे. यांतली काही २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा, की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. अंधारात त्यावर चाक गेलं तर चालवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

[दृश्य: पहाट. सुरूचं बन. माणसं खांद्यावर जाळं घेऊन किनाऱ्याकडे निघालेली.]

सिंधुदुर्गात, सुरूच्या बनाच्या कडेला, आम्ही एकदा पहाटे जागे झालो ते माणसांच्या आवाजानं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लावायला वाडीतली मंडळी निघाली होती आणि त्यांच्या वाटेवर आमची गाडी आडवी. जाळं डोक्यावरून पलीकडे न्यावं लागलं. एका आजोबांनी काचेवर टकटक केली. "कोणाकडे इलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाले, "बरा, मगे दोर ओढूक येवा."

तासभर दोर ओढला. तळहात सोलून निघाले. जाळं वर आल्यावर माशांचा वाटा काढताना त्यांनी आमचाही काढला. रापणीत हात लावणाऱ्याला असं देतात. आपण वाट अडवली आणि त्यांनी आपल्याला वाटा दिला, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

[दृश्य: रात्रीचा किनारा. दिवे नाहीत. फक्त लाटांचा आवाज.]

किनाऱ्याच्या वाळूवर मात्र गाडी उतरवूच नका. विचारूनही नाही. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट लागते, भरती चढली की तीच चाकांखालून सरकते, आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधावा लागतो. पण गाडी रुतणं हा त्यातला लहान भाग. वेळास, आंजर्ले आणि अशा अनेक गावांत नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. मादी वाळूत दीड फुटांचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखायला सुरुवात केली. प्रत्येक घरटं वेळेत सापडतंच असं नाही. जे सापडलं नाही, त्याच्यावरून चाक गेलं तर वर काहीच दिसत नाही.

पिल्लं बाहेर पडतात ती उजेडाच्या दिशेनं. पूर्वी सगळ्यात उजळ समुद्रावरचं क्षितिजच असायचं. आता आपण छपराखाली लावलेली दिव्यांची माळ असते. बोटभर लांबीचं पिल्लू वळतं, आपल्याकडे येतं. टायरची चाकोरी त्याला भिंतीसारखी. म्हणून किनाऱ्यालगतच्या गावात असाल तर समुद्राच्या बाजूचे पडदे ओढा, बाहेरचे दिवे बंद ठेवा. अंधाराला डोळे सरावले की चांदणं पुरतं.

[दृश्य: मे महिना. विहीर, तळाशी पाणी. कळशी भरणारे हात.]

आता पाणी. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मे महिन्यात याच गावांत पाण्याच्या पाळ्या लागतात, हे थोड्यांना. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात पाणी त्यातून झिरपून जातं, उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात. आमच्या गाडीची टाकी ९० लिटरची. म्हणजे पाच-सहा हंडे. बटण दाबलं की नळ सुरू, त्यामुळे ते हंडे डोळ्यांसमोर येत नाहीत. राजापूर तालुक्यात एका वहिनींकडे पाणी मागितलं, तर त्यांनी "घ्या की" म्हणून स्वतः दोन कळश्या ओढून दिल्या. मागून कळलं, की त्यांच्या वाडीची पाळी एक दिवसाआड होती. तेव्हापासून शहर सोडतानाच टाकी काठोकाठ भरून घेतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीवर फक्त प्यायचं पाणी मागतो.

या झिरपण्याची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण न सांगितल्यानं नुकसान होतं. गाडीतल्या संडासाची पेटी वीसेक लिटरची. दोघांना दोन-तीन दिवसांत भरते. ती लांबवर सड्यावर नेऊन ओतली, कोणाच्या नजरेस पडली नाही, म्हणजे सुटलो, असं मानणारे आहेत. सड्यावर ओतलेलं जांभ्यातून खाली उतरतं आणि पायथ्याच्या झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येतं. त्या वहिनींच्या कळशीत येतं. पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, ओतलं तर त्याहून लवकर. ही पेटी रिकामी करायची ती घरगुती राहण्याची सोय असते तिथल्या किंवा लॉजच्या संडासात, मालकांना स्पष्ट सांगून आणि त्याचे पैसे देऊन. पेटीत कोणतं औषध घालता तेही सांगा. काही औषधं जंतू मारणारी असतात, ती सेप्टिक टँकमधले कामाचे जंतूही मारतात, आणि आपण निघून गेल्यावर त्यांचा टँक तुंबतो. जैविक औषधं मिळतात, ती वापरा. भांड्यांचं सांडपाणीही नळी सोडून वाहू देऊ नका. ओला कचरा आगरवाले झाडांच्या आळ्यात घेतात, पण विचारून. प्लास्टिक आपल्या बरोबर परत.

[दृश्य: फेरीबोट, दाभोळ ते धोपावे. दुचाकी, शाळेची मुलं, टोपल्या.]

रस्त्यावरचं थोडक्यात. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियमच आहे. मागे चार गाड्या साचल्या की बाजूला घ्या. कलमांच्या बागांमधून जाताना एकानं खाली उतरून वर बघावं. आपल्या गाडीची उंची आणि लगडलेली हापूसची फांदी एकाच पातळीवर येतात. फेरीबोटीवर गॅस आधीच बंद, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि बोटीचा माणूस सांगेल तिथेच गाडी. वाशिष्ठीवरची ही बोट, सावित्रीवरची बागमांडल्याची, शास्त्रीवरची जयगड-तवसाळची, या पाहुण्यांच्या सहलीसाठी नाहीत. पलीकडच्या माणसाला बाजार आणि शाळा गाठायची असते.

समुद्राची वेळ विचारायला मोबाइल लागत नाही. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. हे मला एका आजीनं ओट्यावर घावणे घालता घालता शिकवलं. घावण्यांचा डबाही दिला. तो रिकामा परत करायचा नसतो. आमच्याकडे सगळं शहरातून भरून आणलेलं, त्यात त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून तांदूळ, भाजी, मासळी, कोकमं जिथे राहायचं तिथेच घेतो. खाणावळीत जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवतो, म्हणजे त्यांना मासळी आणायला वेळ मिळतो.

[दृश्य: संध्याकाळ. पहिल्या प्रसंगातलंच गाव.]

यंदा मार्चमध्ये त्या वस्तीच्या गाडीच्या गावात परत गेलो. गाडी रस्त्यावरच उभी ठेवून पहिल्या घरी गेले. ओटीवर एक काका पोफळीच्या झापाची झाडणी बांधत बसले होते. रात्रीपुरती जागा मिळेल का, विचारलं. त्यांनी गूळ-पाणी आणायला सांगितलं, मग उठून परड्यात, घराच्या आवारात, घेऊन गेले. "हितं लावा. फणसाखाली नको. आणि गोठ्याची वाट तेवढी सोडा, पहाटे गुरं सोडायची असतात."

साडेनऊला एसटी आली. मी परड्याच्या कडेला, दगडी गडग्याशी उभी होते. गाडीनं पुढे जाऊन एक वळसा घेतला, दिव्यांचा झोत नारळांवरून फिरला आणि ती जागेवर उभी राहिली. उतारू गेले. कंडक्टर डबा घेऊन उतरला, मला पाहून थांबला.

"कोणाकडे आलात?"

मी मागच्या घराकडे हात केला. "काकांकडे."

[दृश्य: एसटीचे दिवे विझतात.]