भरलेली सिरिंज आणि झाकलेलं ताट

नमस्कार श्रोतेहो. पौष वद्य एकादशी जवळ आली की नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला दिंड्या लागतात, निवृत्तिनाथांच्या यात्रेला. मला मात्र अकरा नंबरची कॉट आठवते.

मी इथल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. त्या कॉटवर दिंडोरीकडचे एक माळकरी बाबा होते. जुना मधुमेह, पायाला जखम. दरवर्षी पायी जाणारा माणूस, त्या वर्षी कॉटवर पडून. केस पेपरवर लिहिलेलं : रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन, १० युनिट.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच घोकून घेतात. माझं पाचही बरोबर होतं. सिरिंज भरली होती. तेवढ्यात स्टुलावर दुपारचं ताट दिसलं, झाकणही न काढलेलं.

"बाबा, जेवला नाहीत?"

"जेवलो की."

सुनेनं मान खाली घातली. पेशंटच्या कॉटवर बसू नये असा नियम आहे, मी टेकलेच. "आज एकादशी ना?"

"ताई, तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही."

साखर तपासली, ८४. त्यावर ती सुई दिली असती आणि पोटात काही नसतं, तर साखर ७० च्या खाली उतरायला कितीसा वेळ? घाम, थरथर, बडबड, मग शुद्ध हरपते. झोपेत तर शेजारच्यालाही कळत नाही.

डॉक्टरांनी लिहिलेलं मी खोडू शकत नाही. पण थांबून विचारू शकते. फोन केला. "मग त्यांना जेवायला सांगा ना," डॉक्टर जरा वैतागलेच. मी म्हटलं, सर, जेवणार नाहीत. घरून भगर आणि शेंगदाण्याचं झिरकं येतंय, ते खातील.

इथं एक गंमत आहे. उपवास म्हणजे साखर कमी, असं आपण धरून चालतो. भगर, साबुदाणा, रताळी यांनी ती चांगलीच चढते. म्हणून नुसतं 'उपवास आहे' एवढं कळून भागत नाही. काय खाल्लं, किती, कधी, हे विचारावं लागतं. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही उपवासाच्या दिवशी मनानं डोस बंद करू नये, दीर्घकाळ चालणारं तर नाहीच. दोन-चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

तर, डॉक्टरांनी सांगितलं : आत्ता थांबा, भगर समोर आली की कमी मात्रा द्या, रात्री दहाला आणि दोनला साखर बघा. मी ते लिहून घेतलं, फोनवरच परत वाचून दाखवलं. रात्रपाळीच्या सिस्टरला ओव्हर देताना, म्हणजे पेशंट सोपवताना, ताटाचं आधी सांगितलं, सुईचं नंतर.

दोन वाजता साखर १३८ होती.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आले, तर बाबा उशीला टेकून बसलेले. "ताई, सकाळी द्वादशी सोडली. त्या सिस्टरला म्हटलं, आधी ताट दाखव, मग सुई."