चौदा मीटरची पट्टी आणि तिच्यामागची माणसं

(दृश्य : सकाळची वेळ. जिल्हा क्रीडा संकुलाचा हॉल. तलवारबाजीची स्पर्धा. भिंतीलगत लांब टेबल. त्यावर वजनं, तारा, मास्क, तलवारी.)

पाचशे ग्रॅमचं छोटंसं वजन. फॉइल या तलवारीच्या टोकावर ते अलगद ठेवलं जातं. टोकातली स्प्रिंग दबते, यंत्रावरचा दिवा लागतो. आता स्प्रिंगनं ते वजन स्वतःच्या जोरावर वर उचलायचं. उचललं तर तलवार पास, नाही उचललं तर खेळाडूनं दुसरी आणायची. इपी या तलवारीला हीच परीक्षा साडेसातशे ग्रॅमची. शिवाय तिच्या टोकाच्या फटीत दीड मिलिमीटरची पट्टी सहज सरकली पाहिजे, आणि अर्ध्या मिलिमीटरची पट्टी मध्ये ठेवून दाबलं तर दिवा लागता कामा नये.

शेजारी मास्कची तपासणी चाललीय. जाळीवर बारा किलोच्या जोराचा टोचा मारून बघतात, तारा फाकल्या की मास्क बाद. त्यावर नुसतं रागावून चालत नाही. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत मोडलेल्या पात्याचं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं आणि सोव्हिएत संघाचा ऑलिम्पिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह जिवाला मुकला. त्या अपघातानंतर पात्याचं पोलाद बदललं, जॅकेटचं कापड बदललं, मास्कचे नियम कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जॅकेटचं कापड 800 न्यूटनचा आणि मास्कची गळपट्टी 1600 न्यूटनचा मार सोसणारी लागते.

या टेबलामागे बसलेल्या माणसाला आर्मरर म्हणतात. दिवसभर मान खाली घालून तो तारा, स्क्रू आणि स्प्रिंगांशी झगडतो. त्याच्यावाचून स्पर्धा सुरूच होऊ शकत नाही. हा माहितीपट त्याच्याबद्दल आहे, त्याच्यासारख्या इतरांबद्दल आहे, आणि या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या एका छोट्या राष्ट्रीय संघटनेबद्दल.

(दृश्य : हॉलमध्ये सामन्यांच्या पट्ट्या अंथरल्या जातायत.)

तलवारबाजी 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून आजवर प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये आहे. भारतीय तलवारबाजी संघटना स्थापन झाली 1974 साली. केंद्र सरकारची मान्यता मिळाली 1997 मध्ये. मधली तेवीस वर्षं कशी काढली असतील, याची कल्पना ज्यांनी एखादी क्रीडा संघटना चालवलीय त्यांनाच येईल. मान्यता नाही म्हणजे अनुदान नाही. प्रमाणपत्राला नोकरीत किंमत नाही. पालक विचारतात, ‘पुढे काय?’ आणि प्रशिक्षकाकडे उत्तर नसतं. तरीही कुणीतरी त्या काळात शाळाशाळांत जाऊन मुलं गोळा केली, कबड्डी-खोखोच्या मैदानाच्या कडेला त्यांना पवित्रा शिकवला. आजचा सगळा खेळ त्या माणसांच्या खांद्यावर उभा आहे.

चौदा मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद पट्टी. दोन खेळाडू, एक पंच, खेळाडूला यंत्राशी जोडणाऱ्या तारेची दोन रीळ, एक गुणदर्शक यंत्र. बघायला सुटसुटीत. पण नियम सांगतो, खेळाडूनं पट्टीवर येताना दोन तलवारी आणि तलवारीला रिळाशी जोडणाऱ्या दोन बॉडी वायर आणल्याच पाहिजेत, कारण एक बंद पडली तर सामना अडायला नको. म्हणजे खर्च सरळ दुप्पट. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा एक मास्क घ्यायचा तरी दहा हजारांच्या पुढेच जातो. जॅकेट, पँट, आतलं संरक्षक अर्धजॅकेट, फॉइल आणि सेबर ही तिसरी तलवार यांच्यासाठी वर घालायचं धातूच्या धाग्याचं लॅमे हे सगळं त्यावर. पोर वर्षभरात वाढतं आणि जॅकेट आखूड होतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी साहित्य जिल्हा संघटनेच्या पेटीत असतं. एकाचा सामना संपला की घामानं भिजलेलं लॅमे काढून दुसरा चढवतो. मिठानं धागे काळे पडतात, काळ्या डागांवर स्पर्श नोंदला जात नाही, आणि मग पुन्हा त्या टेबलावर आर्मरर मीटर लावून डाग शोधत बसतो.

(दृश्य : चेन्नईचं छायाचित्र. मग थलश्शेरी.)

भवानी देवीचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. 2004 मध्ये चेन्नईतल्या तिच्या शाळेत तलवारबाजी सुरू झाली तेव्हा सराव बांबूच्या काठ्यांनी व्हायचा. विजेची तलवार महाग, म्हणून ती फक्त स्पर्धेला बाहेर निघायची. चौदाव्या वर्षी तुर्कस्तानात तिची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. पट्टीवर पोचायला तीन मिनिटं उशीर झाला, पंचांनी काळं कार्ड दाखवलं आणि ती स्पर्धेतून बाद झाली. पुढे केरळात थलश्शेरीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सागर लागू या मराठी नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिचा खेळ पक्का झाला. त्यानंतर इटलीत निकोला झानोत्तींकडे ती शिकली.

टोकियोला ती कशी पोचली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मार्च 2021 मध्ये बुडापेस्टच्या विश्वचषकात दक्षिण कोरियाचा महिला सेबर संघ उपांत्य फेरीत गेला. त्याला सांघिक पात्रता मिळाली, त्यामुळे आशिया-ओशनिया विभागात क्रमवारीवरून वैयक्तिक जागा मोकळ्या झाल्या. भवानी तेव्हा जगात पंचेचाळिसावी होती, त्यामुळे त्यातली एक जागा तिला मिळाली. ऑलिम्पिकला जाणारी पहिली भारतीय तलवारबाज. 26 जुलै 2021 ला तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला 15-3 हरवलं आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून 7-15 हरली. दोन वर्षांनी चीनमधल्या वूशी इथं आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत तिनं विश्वविजेत्या मिसाकी एमुराला 15-10 हरवून कांस्यपदक नक्की केलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच पदक.

आता हीच गोष्ट संघटनेच्या कार्यालयातून बघा. पंचेचाळिसावा क्रमांक एका दिवसात येत नाही. त्यासाठी अनेक हंगाम देशोदेशीच्या विश्वचषकांत उतरावं लागतं. आणि कुठलाही खेळाडू, कितीही मोठा असला तरी, तिथं स्वतःचं नाव स्वतः नोंदवू शकत नाही. नावनोंदणी राष्ट्रीय संघटनेनंच करायची. दर हंगामाला आंतरराष्ट्रीय महासंघाचा परवाना काढायचा, तोही संघटनेनंच. मुदत टळली की टळली. काही स्पर्धांमध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त खेळाडू पाठवले तर सोबत परवानाधारक पंच न्यावा लागतो, नाहीतर दंड. व्हिसाची पत्रं, विम्याची कागदपत्रं, तलवारींची बॅग विमानात सामानात टाकताना लागणारं पत्र. हे सगळं करणारं माणूस बहुधा एकच असतं. ते दिवसा कुठल्यातरी शाळेत नाहीतर महाविद्यालयात नोकरी करतं आणि रात्री लोझानच्या वेळेनुसार ईमेल बघत बसतं.

स्वित्झर्लंडमधलं लोझान म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचं मुख्यालय. संघटनेला वरिष्ठ तीन, त्यातला पहिला हा महासंघ. 1913 साली स्थापन झालेला हा महासंघ दीडशेच्या वर देशांना एकत्र बांधतो. तिथं प्रत्येक देशाला एक मत. इटलीला जेवढं, तेवढंच आपल्याला. मार्च 2023 मध्ये रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना परत घ्यायचं का, यावर 89 विरुद्ध 46 असं मतदान झालं. युद्ध आणि राजनयाचा तो प्रश्न होता आणि तो देशोदेशीच्या क्रीडा संघटनांच्या प्रतिनिधींनी सोडवला. दुसरे वरिष्ठ म्हणजे भारतीय ऑलिम्पिक संघटना. तिसरं, केंद्राचं क्रीडा मंत्रालय. तिघांचे नमुने वेगळे, तिघांच्या तारखा वेगळ्या.

(दृश्य : पट्टीवर सेबरचा सामना. दोन्ही बाजूंचे दिवे एकदम लागतात.)

इथं जरा थांबू या. दोन्ही दिवे लागले. गुण कुणाचा?

सेबरमध्ये पहिल्या स्पर्शानंतर 170 मिलिसेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला की दोन्ही दिवे लागतात. यंत्राचं काम तिथं संपतं. गुण जातो तो आक्रमणाचा हक्क असलेल्याला. आक्रमणाचा हक्क कुणाकडे होता, कुणी आधी हात लांबवला, कुणाचं पाऊल मध्येच अडखळलं, समोरच्यानं तलवार अडवून हक्क आपल्याकडे घेतला का, हे सगळं पंचानं तेवढ्यात बघायचं आणि हाताच्या खुणांनी मोठ्यानं सांगायचं. असा पंच घडायला वर्षानुवर्षं लागतात. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त आबाळ त्याचीच होते. जिल्हा स्पर्धेत त्याच्या हातावर प्रवासखर्च आणि तुटपुंजं मानधन ठेवतात, जेवण खेळाडूंबरोबर. बाहेरच्या देशात जाऊन आंतरराष्ट्रीय परीक्षा द्यायची तर खर्च बहुतेकदा स्वतःचा.

चांगल्या पंचाअभावी काय होतं ते प्रशिक्षकांना विचारा. मूल आपल्या हॉलमध्ये ज्या आक्रमणाला गुण मिळवत मोठं होतं, त्याच आक्रमणाला परदेशात गुण मिळत नाही. ते हरतं आणि का हरलं ते त्याला कळतसुद्धा नाही. खेळाडूला परदेशी शिबिराला पाठवायला पैसे उभे राहतात, प्रायोजकही मिळतात, कारण त्याच्यासोबत फोटो निघतो. पंचाच्या परीक्षेला प्रायोजक मिळत नाही. माझ्या मते छोट्या संघटनेनं हाती आलेल्या पहिल्या मोठ्या रकमेतून पंच आणि आर्मरर घडवावेत. पाच चांगले पंच असतील तर शेकडो मुलांचा सराव सरळ मार्गावर येतो.

(दृश्य : फायलींचं कपाट. पिवळी पडलेली पावतीपुस्तकं.)

आता दप्तराकडे. महाराष्ट्रात राज्य किंवा जिल्हा क्रीडा संघटना म्हणजे बहुधा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास. निवडणूक झाली, नवे पदाधिकारी आले की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. तो मंजूर होऊन अनुसूचीत नावं चढली पाहिजेत. अनेक खेळांच्या संघटना इथंच फुटल्या आहेत. बदल अर्ज पडून राहतो, जुनी नावं कागदावर तशीच राहतात, आणि एके दिवशी जुना गट उठून सांगतो की खरी संघटना आमची. मग दोन सचिव, दोन शिक्के, दोन निवड चाचण्या आणि कोर्टाची तारीख. पालकांना कळत नाही की मुलाला कुठल्या चाचणीला न्यायचं. कराटेसारख्या खेळात देशपातळीवरच्या वादांचे चटके किती मुलांनी सोसले, हे त्या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक आहे.

आणि प्रमाणपत्राचा विषय टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्यामुळे कमी प्रसिद्ध खेळाकडे मुलं येतात, हे खरं आहे आणि त्यात काही वाईट नाही. सालगड्याच्या मुलीला तलवारीमुळे पोलीस दलात नोकरी लागली तर त्या खेळानं आपलं काम केलं. पण याच वाटेनं बोगस प्रमाणपत्रंही आली. काही खेळांतली अशी प्रकरणं राज्यात उघडकीस आली आणि पडताळणी कडक करावी लागली. तेव्हा संघटनेच्या कपाटातली जुनी कागदपत्रं अचानक मोलाची ठरतात. अमुक सालच्या राज्य स्पर्धेत किती संघ होते, गटवार निकाल काय, पंचाची सही कुठे आहे. ज्या सचिवानं निकालपत्रं नीट जपली त्याच्या खेळाडूंची प्रमाणपत्रं टिकतात. ज्यानं नाही जपली त्याच्या खऱ्या विजेत्यांनाही कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

छत्रपती संभाजीनगरच्या साई केंद्रात तलवारबाजी शिकवली जाते. मराठवाड्यातल्या मुलांना त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. असं केंद्र शहरात आलं की आजूबाजूच्या शाळांतून मुलं येऊ लागतात, माजी खेळाडू प्रशिक्षक होतात, त्यांच्यातून पंच निघतात. संघटनेचा खरा विस्तार असा होतो. नकाशावर राज्यांच्या नावापुढे खुणा करून तो होत नाही. केंद्राच्या नियमांना संलग्न राज्यांची संख्या हवी असते, म्हणून प्रत्येक छोटा खेळ कागदावर देशभर पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात पट्ट्या अंथरल्या जातात त्या मोजक्या जिल्ह्यांत. अनुदान देणाऱ्यांनी राज्यांऐवजी चालू असलेले हॉल मोजले, तर चित्र जास्त खरं दिसेल.

(दृश्य : संध्याकाळ. हॉलमधला शेवटचा सामना. टेबलावर आर्मरर हत्यारं आवरतोय.)

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा लवाद आणि निवडणुकांवर देखरेख करणारी यंत्रणा त्यात आहे. कार्यकारिणी पंधरा जणांपेक्षा मोठी नको, तिच्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला हव्यात. भांडणं वर्षानुवर्षं न्यायालयात न कुजता लवादापुढे सुटली तर छोट्या खेळांना याचा सगळ्यात जास्त फायदा होईल, कारण एका हंगामाचा खोळंबासुद्धा त्यांना परवडत नाही.

मात्र या कायद्यानं कागदांची संख्या वाढणार आहे आणि कागद करणारे हात तेवढेच आहेत. मोठ्या क्रिकेट मंडळाकडे वकील आहेत, लेखापाल आहेत. तलवारबाजी, कुराश, सांबो किंवा गतका चालवणाऱ्यांकडे शाळा सुटल्यावर येणारा एक सचिव आहे. म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त छोट्या संघटनेला सरकारी खर्चातून एक पूर्णवेळ, पगारी, प्रशिक्षित व्यवस्थापक द्या. नावनोंदणी, परवाने, हिशेब, निकालपत्रं त्याच्याकडे सोपवा. पंचांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचा खर्च वार्षिक आराखड्यात वेगळा धरा. पॅरिस 2024 ला भारताचा एकही तलवारबाज नव्हता. लॉस एंजेलिस 2028 साठी क्रमवारीचे गुण विश्वचषकांसारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतच मिळणार आहेत आणि त्यांची नावनोंदणी वेळेत झाली पाहिजे.