पिशवी मोजून दाबा : रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांची उजळणी

(दृश्य : प्रशिक्षणाचा वर्ग. टेबलावर छातीपर्यंतचा पुतळा, घशात नळी, नळीला जोडलेली अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी.)

निवेदन :
हृदय बंद पडलंय, घशात नळी आहे. अशा रुग्णाला मिनिटाला दहा श्वास द्यायचे. म्हणजे दर सहा सेकंदांना एकदा पिशवी दाबायची. वर्गातल्या कुणालाही विचारा, उत्तर बरोबर येईल. आता प्रशिक्षक मॉनिटरचा अलार्म मोठा करतो, एकाला छाती दाबायला लावतो, दुसऱ्याला नातेवाईक बनवून आरडाओरडा करायला सांगतो आणि घड्याळ लावतो. मागच्या रांगेतल्यांनी फक्त मोजायचं. मिनिटभरात आकडा वीसच्या पुढे सहज जातो. पिशवी दाबणाऱ्याला विचारलं, तर तो प्रामाणिकपणे दहा-बाराच सांगतो.

हे आपल्याकडचंच दुखणं नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रुग्णवाहिकेवरच्या अनुभवी लोकांचे श्वास प्रत्यक्ष रुग्णांवर मोजले गेले. २००४ साली ते निष्कर्ष छापून आले. पहिल्या सात रुग्णांना मिनिटाला सरासरी ३७ श्वास मिळाले होते. मग त्याच लोकांना पुन्हा शिकवलं. पुढच्या सहा रुग्णांत सरासरी २२ वर आली. शिकवण्याचा उपयोग झाला, पण आकडा तरीही हव्या त्याच्या दुप्पटच होता. शिवाय प्रत्येक श्वास लांबला होता, त्यामुळे छातीतला दाब जवळजवळ तेवढाच वेळ चढलेला राहिला.

त्या दाबात सगळी गोम आहे. फुफ्फुसं सतत फुगलेली राहिली की शरीराकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हृदयच रिकामं असेल तर बाहेरून कितीही जोरात दाबा, पुढे काही जात नाही. नळी नसेल, नुसता मास्क असेल, तर जादा हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते आणि ती श्वासनलिकेत उतरते.

(दृश्य : जवळून, पिशवीवर एकच हात.)

मोठ्या माणसाच्या अंबू बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते. लागते पाचशे ते सहाशे मिलिलिटर. म्हणून पिशवी एका हाताने, सावकाश सेकंदभर दाबायची. छाती उचललेली दिसली की थांबायचं. मग मोठ्याने मोजायचं : एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. मोठ्याने मोजायला लाज वाटते, विशेषतः नातेवाइकांसमोर. ती लाज वर्गातच घालवावी लागते.

(दृश्य : १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका, तालुक्याच्या रुग्णालयाचं आवार.)

महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली सुरू झाली. त्या वेळच्या आराखड्यात ९३७ गाड्या होत्या : २३३ प्रगत जीवरक्षणाच्या, ७०४ प्राथमिक. गाडीत डॉक्टर असेल, ही या सेवेची खासियत. हे डॉक्टर बहुतेक करून बीएएमएस झालेले. सोबतीला चालक, ज्याला या सेवेत पायलट म्हणतात. बस, दोघंच. रुग्णालयातल्या आपत्कालीन विभागात जे काम पाच-सहा जण करतात ते इथे दोघांवर येतं, आणि गाडी चालू झाली की एकट्यावर.

उजळणीचे बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात. ते रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. एमबीबीएस डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी चालू ठेवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट अवर लागतात. ते सभागृहात बसून मिळतात, मधल्या जेवणासकट. त्यातून माहिती ताजी होते, हे खरं. पण छाती दाबण्याचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, आणि ते भाषणाने परत येत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदणी टिकवायची तर पॅरामेडिकला दर दोन वर्षांनी ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं : निम्मं देशभर ठरलेल्या विषयांचं, १५ तास त्या भागाच्या गरजेचं, १५ तास स्वतःच्या निवडीचं. त्यातलं मधलं खातं आपण उचलण्यासारखं आहे. मेळघाटातल्या गाडीची गरज वेगळी, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या गाडीची वेगळी.

(दृश्य : उभी रुग्णवाहिका, मागचं दार उघडं. स्ट्रेचरवर गरोदर बाईचा पुतळा.)

गावाकडच्या गाडीचा एक नेहमीचा कॉल घेऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निरोप : आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, झटका (फीट) येऊन गेला, जिल्हा रुग्णालयात हलवायचंय. औषध मॅग्नेशियम सल्फेट. झटक्यांवर ते डायझेपाम आणि फेनिटोइनपेक्षा सरस ठरतं, हे १९९५च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिलं. भारतातल्या बायकाही त्या चाचणीत होत्या. डोस सगळ्यांना पाठ असतो : चार ग्रॅम शिरेतून, दहा ग्रॅम स्नायूत. आता हे चौदा ग्रॅम अँप्यूलमध्ये, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्यांमध्ये, मोजा.

आपल्याकडची नेहमीची अँप्यूल २ मिलिलिटरची, ५० टक्के. म्हणजे एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम. लेबलवरची टक्केवारी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिरेतल्या डोसाला चार अँप्यूल, म्हणजे ८ मिलिलिटर. त्यात १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाईन घालून २० मिलिलिटर करायचं आणि पाच ते दहा मिनिटं घेऊन हळूहळू द्यायचं. घाईने ढकललं तर अंग एकदम गरम होतं, उलटी होते, रक्तदाब कोसळू शकतो. मग प्रत्येक कुल्ल्यात पाच ग्रॅम : पाच-पाच अँप्यूल, दहा-दहा मिलिलिटर. दुखू नये म्हणून त्यात २ टक्के लिग्नोकेन १ मिलिलिटर. एकूण अकरा मिलिलिटर झाले. म्हणून इथे सिरिंज २० मिलिलिटरची घ्यायची, आणि सुई लांब, दीड इंची. आखूड सुईने औषध चरबीतच राहतं, नीट शोषलं जात नाही आणि गळू होण्याची भीती असते.

(दृश्य : जवळून. हातमोजे घातलेली बोटं, कापसाच्या बोळ्यात धरलेली अँप्यूल, मान मोडल्याचा आवाज. शेजारी तेरा ओळीने उभ्या.)

चौदा अँप्यूल फोडायच्या, ओढायच्या, विरळ करायच्या. ओट्यावर हे काम सोपं आहे. धावत्या गाडीत वळणावर अँप्यूल कलंडते, काच बोटात जाते आणि सातवी झाली की आठवी याचा घोळ होतो. त्यामुळे सरावात दोन गोष्टी पक्क्या करून घेतात. एक, पहिला डोस गाडी हलायच्या आधी, आरोग्य केंद्रातच. तिथल्या नर्सताईंनी स्नायूतला दहा ग्रॅमचा डोस आधीच दिलेला असू शकतो. तो विचारूनच पुढचं ठरवायचं. दुसरी, रिकाम्या अँप्यूल टाकायच्या नाहीत. सगळ्या एका ट्रेमध्ये उभ्या ठेवायच्या, मोजायच्या आणि मगच सुई टोचायची.

रुग्ण डाव्या कुशीवर, ऑक्सिजन चालू, तोंडातली लाळ-उलटी ओढून घेणारं सक्शन हाताशी. दातखिळी बसली म्हणून घरचं कुणी चमचा घालायला धावलं तर त्याला तिथेच अडवायचं. वाटेत दर पंधरा मिनिटांनी तीन गोष्टी बघायच्या : गुडघ्याखाली हलकेच ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेलाय का, लघवीच्या पिशवीत भर पडतेय का. मॅग्नेशियम जास्त झालं की आधी गुडघा गप्प होतो, श्वास त्यानंतर मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के, १० मिलिलिटर, दहा मिनिटांत शिरेतून. तो पेटीत तळाशी ठेवलेला असेल तर नसल्यासारखाच.

आणि रेफर चिठ्ठी. किती ग्रॅम, कुठे, किती वाजता. एवढं लिहिलं नाही तर जिल्हा रुग्णालयातला ड्युटी डॉक्टर पहिला डोस पुन्हा देण्याची शक्यता असते. त्याला दोष देता येत नाही.

(दृश्य : कापसाचं शेत, पाठीवर फवारणी पंप.)

विदर्भातल्या गाडीचं गणित अजून कठीण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला. ऑर्गॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकांच्या विषबाधेत छाती पाण्याने भरल्यासारखी घरघरते, तोंडातून फेस येतो, नाडी मंदावते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. औषध अ‍ॅट्रोपिन. आपली अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला सुरुवात ३ मिलिग्रॅमने केली तर पाच अँप्यूल. पाच मिनिटांत छाती मोकळी झाली नाही तर डोस दुप्पट : दहा. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट : वीस. दहा मिनिटांत पस्तीस अँप्यूल. तुमच्या पेटीत किती आहेत, हा प्रश्न वर्गात विचारला की शांतता पसरते.

इथली नेहमीची चूक म्हणजे नाडी वाढली किंवा बाहुल्या मोठ्या झाल्या, एवढ्यावरून हात आखडणं. आधी छाती ऐका. घरघर गेली, काख कोरडी झाली, नाडी ८०च्या वर, वरचा रक्तदाब ८०च्या वर, तिथे थांबायचं. त्याआधीचं काम कपड्यांचं : भिजलेले कपडे कापून काढायचे, अंग साबणाने धुवायचं, गाडीच्या खिडक्या उघड्या, हातात नायट्राइलचे मोजे. साधे लॅटेक्सचे मोजे कीटकनाशकातल्या द्रावकापुढे फार वेळ टिकत नाहीत.

कोकणात यातलं पान बदलतं. लाल विंचू चावला, अंग गार पडलं, दरदरून घाम सुटला, तर प्राझोसिनची गोळी. हा उपचार महाडच्या परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात पुढे आणला. गोळी दिल्यावर रुग्णाला उठून बसू द्यायचं नाही, रक्तदाब पडतो. बाहेरून आणलेल्या तयार कोर्समध्ये विंचवाचा धडा नसतो. तो इथल्याच लोकांनी घालायचा.

(दृश्य : ऑक्सिजन सिलिंडरचा मीटर.)

आता बदलीचे रुग्ण, म्हणजे व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात. गाडीतला छोटा बी टाइप सिलिंडर पाण्याच्या मापाने साधारण १० लिटरचा. मीटरचा बारमधला आकडा गुणिले दहा, म्हणजे शिल्लक ऑक्सिजन लिटरमध्ये. मीटर ६० दाखवत असेल तर ६०० लिटर. त्यातले शेवटचे २० आकडे राखीव, उरले ४०० लिटर. मास्कला १५ लिटर प्रति मिनिट लावलं तर २६ मिनिटं. नाशिकहून मुंबईला निघालात आणि कसाऱ्यात ट्रेलर आडवा झाला, तर? म्हणून लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन धरून निघायचं. गॅसवर चालणारा व्हेंटिलेटर असेल तर तो स्वतःसाठी किती ओढतो हे त्याच्या पुस्तिकेतून काढून हिशेबात घालायचं. ही आकडेमोड कागदावर, पायलटला दाखवून. सिलिंडर कुठे बदलता येईल, रस्त्यात कुठलं रुग्णालय आहे, हे त्यालाच जास्त ठाऊक असतं.

नळी सरकते ती बहुधा रुग्ण उचलताना : पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून गाडीत. उचलण्याआधी पिशवी नळीपासून क्षणभर सोडवायची, उचललं की लगेच जोडायची आणि दोन्ही बाजूंनी छाती ऐकायची. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख मॉनिटरवर असेल तर तो आधी बघायचा. ३५ ते ४५च्या दरम्यानचा आकडा अचानक शून्य झाला तर मशीन बिघडलंय असं समजू नका, नळीकडे बघा. ऑक्सिजन घसरला तर क्रम ठरलेला : नळी सरकली का, तुंबली का, छातीत हवा साठली का, उपकरण बंद पडलं का. रुग्ण व्हेंटिलेटरवरून काढून पिशवीवर घेतला की यातलं शेवटचं कोडं लगेच सुटतं.

(दृश्य : पायलट पुतळ्याची छाती दाबतोय.)

पायलटला वगळून घेतलेली उजळणी अर्धीच. हृदय बंद पडलेला रुग्ण सापडला तर गाडी हाकण्यात अर्थ नसतो. धावत्या गाडीत छाती नीट दाबली जात नाही आणि दाबणाराही पडतो. जागेवरच सुरुवात करायची. पायलट छाती दाबणार : मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच सेंटिमीटर, सहाच्या पुढे नाही, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. डॉक्टर श्वास आणि हृदयाला द्यायचा विजेचा शॉक बघणार. दोन मिनिटांनी अदलाबदल, दहा सेकंदांच्या आत. तिसरा माणूस म्हणून गर्दीतल्या कुणाला हाताशी धरायचं, त्याला कोणत्या दोन वाक्यांत सांगायचं, याचाही सराव होतो.

असा वर्ग वर्षातून एकदा दिवसभर घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा, ड्युटी बदलताना, उभ्या गाडीत वीस मिनिटं घेतलेला बरा. एका वेळी एकच विषय. आपल्याच गाडीची पेटी, आपलाच मॉनिटर. कारण शॉकच्या मशीनचं बटण प्रत्येक कंपनीत वेगळ्या जागी असतं. गेल्या महिन्याच्या कॉलच्या नोंदी काढून वेळा बघायच्या : पोचल्यापासून पहिल्या शॉकपर्यंत किती मिनिटं, शुगर तपासली का, औषधाची वेळ लिहिली का. हे करताना नाव घेऊन झोडपलं, की पुढच्या महिन्यापासून नोंदी छान दिसायला लागतात आणि निरुपयोगी होतात.

(दृश्य : लाल पट्टी चिकटवलेल्या अँप्यूलचा डबा.)

सरावासाठी मुदत संपलेल्या अँप्यूल वापरतात, कारण काच फोडण्याचा सराव पाण्याच्या बाटलीवर होत नाही. प्रत्येकीवर लाल पट्टी, डबा वेगळा, डब्यावर आकडा. सराव संपला की फुटलेल्या आणि उरलेल्या दोन्ही मोजायच्या. बेरीज जुळली नाही, तर गाडी कॉलवर सोडण्याआधी औषधांची पेटी पूर्ण रिकामी करून एकेक अँप्यूल तपासायची.