लहान मुलांचा डॉक्टर

कोल्हापूरची राजारामपुरी, संध्याकाळचे सहा. दवाखान्याच्या दारात चपलांचा ढीग. आत बाकावर टोपडी, दुपटी आणि गालावरच्या काजळाच्या तिटी.

आमच्यासमोरचं बाळ अकरा दिवसांचं. आजीला घोर लागलाय. "तीन किलोचं जन्मलं, चार दिवसांत दोनशे ग्रॅम उतरलं. हिला दूधच पुरत नाही बघा."

डॉक्टर काट्यावर दुपटं टाकतात, आकडा शून्यावर आणतात, मग बाळाला ठेवतात. 3 किलो 20 ग्रॅम. "पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, आजी. दोन आठवड्यांत भरून येतं. ह्याचं भरलंय." आजी हळूच मध-गुटीचं विचारते. डॉक्टर न रागावता सांगतात, वर्षाच्या आत मध नको, सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

चिठ्ठीवर औषध एकही नाही. आजी जरा खट्टू. आम्हाला मात्र हाच डॉक्टर आवडला.

असा डॉक्टर शोधायचा तो सातव्या-आठव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या गडबडीतच. बीसीजी (क्षयरोगावरची), पोलिओ आणि कावीळ-बीची लस जन्मल्याबरोबर द्यायची असते, कावीळ-बीची तर 24 तासांच्या आत. तेव्हा बाळ बघायला कोण येणार, हे प्रसूतिगृहात आधीच विचारावं. पाटीवर एम.डी. किंवा डी.सी.एच. बालरोगातलं आहे ना, तेही वाचावं.

आणि रात्रीचं विचारावं. फोन कोण उचलणार? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर कुठं पाठवणार? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीतून गाडी काढून बघा, म्हणजे घराजवळच्या डॉक्टरची किंमत कळते.

लशींसाठी खासगीतच जायला हवं असं नाही. सरकारी कार्यक्रमातल्या लशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात. सहा, दहा आणि चौदा आठवडे, या तारखा चुकवायच्या नाहीत.

खरी गोची पुढेच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, तीन महिन्यांनी लेक सासरी. ह्या बाळाची आई जाणार गडहिंग्लजला. म्हणून डॉक्टरांनी वजन, डोक्याचा घेर, दिलेली लस, सगळं कार्डावर वाचता येईल अशा अक्षरात लिहिलंय. डॉक्टरांच्या अक्षराची ख्याती बघता हे विशेषच!

आजी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते, वरून रबर लावते.

"चौदा आठवड्यांची तिकडंच घ्यायची व्हय?"

"तिकडंच. कार्ड तेवढं विसरू नका."