लिनक्सवर प्लगिन गायब का होतं? पॅकेजिंगची भानगड

मिरजेचा तंबोरा जुळवून ठेवलाय, माइक लावलाय, लॅपटॉपवर लिनक्स आहे. आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर सकाळीच टाकलेला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारं प्लगिन (आर्डरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर), यादीत नाही. किंवा यादीत आहे, पण ट्रॅकवर लावला की अख्खं आर्डरच बंद पडतं. नमस्कार मंडळी! सांगली-मिरजेत घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी, आणि प्लगिन बांधून (कोडपासून बिल्ड करून) दुसऱ्यांना देणाऱ्यांसाठी, आज हीच भानगड.

आधी गायब होण्याचं बघू. आर्डर फ्लॅटपॅक या पॅकेजप्रकारातून घेतलं असेल, तर ते बाकी सिस्टीमपासून वेगळ्या, बंद पेटीत चालतं. एपीटीनं, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या नेहमीच्या इन्स्टॉलरनं, टाकलेला रिव्हर्ब गेला सिस्टीमच्या एलव्ही२ (लिनक्सवरचा एक प्लगिन प्रकार) फोल्डरमध्ये, आणि पेटीतून ते फोल्डर दिसतच नाही. प्लगिनही फ्लॅटपॅकचंच हवं, आणि दोघांच्या रनटाइमची (फ्लॅटपॅकच्या पायाभूत लायब्ररी-संचाची) आवृत्ती जुळणारी हवी. एक २३.०८ आणि दुसरं २४.०८, तर गाठ पडत नाही. फेडोरावर वेगळी गंमत: तिथं एलव्ही२चं घर 'लिब'मध्ये नाही, 'लिब६४'मध्ये. आर्डर पेटीबाहेरचं असेल आणि प्लगिन झिप फाइलमधून आलं असेल, तर होममध्ये 'डॉट एलव्ही२' नावाचं फोल्डर करा आणि त्यात टाका.

आता बंद पडण्याचं. साधं सॉफ्टवेअर स्वतःच्या घरात राहतं. प्लगिन पाहुणा असतं, आर्डरच्याच प्रोसेसमध्ये येऊन बसतं. डेबियन, फेडोराचा रिवाज असा की एका लायब्ररीची एकच प्रत ठेवायची, सगळ्यांनी वाटून वापरायची. सुरक्षेच्या दृष्टीनं रिवाज चांगलाच आहे. पण यजमान जीटीके (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) २ वर आणि पाहुणा जीटीके ३ घेऊन आला, तर दोघं एका प्रोसेसमध्ये नांदत नाहीत. म्हणून प्लगिनमध्ये लायब्ररी स्टॅटिक जोडा, म्हणजे तिची प्रत प्लगिनच्या आतच ठेवा, आतली नावं 'व्हिजिबिलिटी हिडन' या कंपायलर फ्लॅगनं झाका, बाहेर फक्त प्रवेशाचं फंक्शन ठेवा. डिस्ट्रोचे (डेबियन, फेडोरा वगैरेंचे) लोक यावर नाक मुरडतात. पण प्लगिनपुरतं रिवाजानंच नमतं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच पाहुण्याची दुसरी खोड जास्त छुपी आहे. तंबोऱ्याची क्लिप संपते, पुढं निव्वळ शून्य. रिव्हर्बच्या आत मात्र नाद विरतच राहतो, आणि आकडे १०च्या उणे ३८व्या घाताच्याही खाली जातात. हे डीनॉर्मल आकडे. त्यांचं गणित बऱ्याच प्रोसेसरवर कित्येक पट हळू होतं. कानाला काही ऐकू येत नाही, आणि नेमका तेव्हाच डीएसपी मीटर (प्रोसेसरवरचा ऑडिओचा भार) चढतो, एक्सरन, म्हणजे वेळ चुकून आवाज तुटणं, पडायला लागतात. उपाय म्हणजे असे आकडे थेट शून्य करणारी प्रोसेसरची सोय, 'फ्लश टू झिरो'. ती ऑडिओ फंक्शनमध्ये शिरताना लावा, बाहेर पडताना पूर्ववत करा. काही जण त्याऐवजी बिल्डमध्ये सरसकट 'फास्ट मॅथ' हा कंपायलरचा फ्लॅग टाकून मोकळे होतात. जीसीसी या कंपायलरच्या १२व्या आवृत्तीपर्यंत लिंक करताना हा फ्लॅग राहिला, तर प्लगिन लोड होताक्षणी यजमानाच्या थ्रेडचं गणितच बदलतं. म्हणजे पाहुणा आला आणि घरचा मीटरच बदलून बसला! जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीपुरतं (प्लगिनही तशीच फाइल असते) हे थांबलंय. तरी लिंकच्या ओळीतून तो काढाच.

'मार्च नेटिव्ह', म्हणजे फक्त आपल्याच प्रोसेसरसाठी बांधायचा फ्लॅग, तोसुद्धा काढा. नाहीतर तुमच्या नव्या मशीनवर पळणारं प्लगिन जुन्या लॅपटॉपवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळेल.

बांधायचं कुठं? ज्यांवर चालवायचंय त्यांतल्या सगळ्यात जुन्या सिस्टीमवर. उबुंटू २४.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९ आहे, २२.०४ मध्ये २.३५. नव्यावर बांधलेलं जुन्यावर अडू शकतं, जुन्यावरचं नव्यावर सहसा चालतं. तपासायला टर्मिनलमध्ये प्लगिनच्या फाइलवर ही कमांड चालवा: ऑब्जडम्प, हायफन कॅपिटल टी, पुढं ग्रेप जीलिबसी. जो सगळ्यात वरचा आकडा दिसेल, ती तुमची किमान अट.

परवान्याचं थोडक्यात: व्हीएसटी२ या जुन्या प्लगिन प्रकाराची एसडीके (बांधायची साधनं) तिच्या मालक कंपनीनं, स्टाइनबर्गनं, २०१८ मध्ये बंद केली, तेव्हा नवीन काम एलव्ही२ किंवा क्लॅप या खुल्या प्रकारांमध्येच करा.

आणि सगळं नीट बसूनही आवाज तुटत असेल, तर टर्मिनलमध्ये 'यूलिमिट हायफन आर' टाका. उत्तर शून्य आलं, तर रिअलटाइमची, म्हणजे ऑडिओचं काम इतरांआधी करून घ्यायची, परवानगीच नाही. ४८,००० हर्ट्झला १२८ फ्रेमचा बफर म्हणजे २.७ मिलीसेकंद, तेवढ्यात बिनापरवानगी काम उरकणं अवघड. डेबियन-उबुंटूवर जॅकचं (ऑडिओ सर्व्हरचं) पॅकेज या परवानगीच्या नियमाची फाइल टाकतं, पण तुम्हाला ऑडिओ गटात घालत नाही. ते तुम्हीच करायचं, आणि मग लॉग आउट करून परत आत यायचं. नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर आकडा शून्यच राहतो.