लाल दिव्याखालचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवर फोटोविषयी बोलायचं म्हणजे गंमतच, दाखवायला हातात काही नाही! पण आजचं काम अंधारातलंच आहे. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल.

कॅमेऱ्यात फोटो नुसता पेरला जातो, असं मला वाटतं. उगवतो तो डार्करूममध्ये. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर उजेड पडला, की फरक पडतो, पण दिसत काहीच नाही. फिल्म डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवली, की उजेड लागलेल्या जागी चांदी काळी होऊन बसते. म्हणजे पांढरं धोतर काळं आणि काळी टोपी पांढरी! ही निगेटिव्ह.

इंग्लंडच्या टॅल्बट यांनी 1835 साली घरच्या खिडकीची कागदी निगेटिव्ह केली, ती आजही जपलेली आहे. फ्रान्सच्या दागेर यांची 1839 साली जाहीर झालेली पद्धत जास्त गाजली. तिची चित्रं विलक्षण रेखीव, पण एका पत्र्यावर एकच; दुसरी प्रत निघायची नाही. निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या निघतात. हे वेड आपल्याकडेही लवकर आलं. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते.

आता कागदावर छापायचं. दिवा लाल, कारण कृष्णधवल छपाईच्या साध्या कागदाला लाल उजेड जवळपास कळतच नाही. निगेटिव्हमधून क्षणभर उजेड सोडायचा आणि कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सरकवायचा. लग्नातल्या नवरीचा फोटो असेल, तर आधी केस येतात, मग भुवया. चेहरा सगळ्यांत मागून. कितीही वेळा पाहा, छातीत धडधडतंच. मग व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी, मग हायपो नावाचं रसायन. उजेड न लागलेले क्षार हायपो काढून टाकतो, तेव्हा कुठे फोटो बाहेर न्यायचा.

शेवटी वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवायचं. इथेच घाई होते! हायपो कागदात राहिला, तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. घरच्या जुन्या फोटोवर पिवळे डाग असतील, तर कदाचित त्या दिवशी नळाला पाणी नसेल.

तो फोटो मागून बघा. पेन्सिलीनं आकडा लिहिलेला असला, तर तो बहुधा निगेटिव्हचा नंबर. तो सांगितला, की स्टुडिओवाले नवी प्रत काढून द्यायचे.

रंगीत रोल आणि मोबाईलचं पुढच्या भागात. नमस्कार.